शरीर आणि खेळ – लेखांक ७ : पिचरचे कोपर

मागच्या लेखांकात धावपटूंच्या मांडीचे स्नायू का दुखावतात, ते पाहिले. आज पाळी पिचरची, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याची.

जुलै १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपराचा आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला. त्या काळी अशा दुखापतीनंतर कारकीर्द संपलीच असे मानत. डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या हातातला कंडरा काढून डाव्या कोपरात बसवला. पुढचा हंगाम वाया गेला, पण जॉन १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

अस्थिबंधावर एवढा ताण येतो कशाने?

चेंडू सुटताना खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंशांच्या वेगाने आत वळतो. हा जोर मुळात पाय, नितंब आणि कमरेतून येतो. ते कमी पडले, की उरलेला भार खांदा आणि कोपर उचलतात. म्हणून पिचरच्या व्यायामात स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंज आणि मेडिसिन बॉल फेकणे यांना मोठी जागा असते. नुसत्या बेंच प्रेसने छाती भरते, पण सुटलेल्या हाताला आवरतात ते खांद्यामागचे स्नायू. ते खांद्याचे ब्रेकच. त्यांच्यासाठी रबरी पट्टा किंवा हलके डंबेल पुरते. जोब यांनीही खांद्यासाठी असेच हलक्या वजनांचे व्यायाम सुचवले होते.

वजने उचलली की अंग आखडते, हा समज तेव्हा बेसबॉलमध्ये पक्का होता. पिचर नोलन रायनने १९७२ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्स संघाकडे आल्यावर तो जुमानला नाही. १९९१ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, त्याने सातवा नो-हिटर टाकला: प्रतिस्पर्ध्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळाली नाही.

तरीही सप्टेंबर १९९३ मध्ये सिअॅटलला त्याच रायनच्या कोपराचा अस्थिबंध तुटला आणि कारकीर्द तिथेच थांबली. स्नायू व्यायामाने वाढतात, तसा अस्थिबंध वाढवता येत नाही. त्याला जपायचे तर चेंडू मोजावे लागतात.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही नियमावली आणली. तिच्यानुसार नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, तर सतरा-अठरा वर्षांच्याने १०५ हून जास्त चेंडू टाकू नयेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर चार दिवस विश्रांती. शिवाय वर्षातले किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद.

मुलाच्या कोपराची आतली बाजू दुखत असेल, तर प्रशिक्षक आणि पालकांनी आधी चेंडू टाकणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखणे दाबून सामना खेळवू नये.

(पुढील लेखांकात : वेगवान गोलंदाजाची कंबर)