पहिलं पाणी विहिरीचं

एप्रिल उजाडला की आमच्या विहिरीचा दोर वाढवावा लागतो. शहापूरहून किन्हवलीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत, सव्वा एकराचा तुकडा मी निवृत्तीच्या पैशांतून घेतला. (नगरला वडिलांच्या सात-बाऱ्यावर नाव होतं म्हणून शेतजमीन घेता आली, नाहीतर मास्तराला कुठली शेती?) विकणाऱ्याने विहीर बारमाही आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तळाला बाराही महिने ओल असते, एवढंच त्याला म्हणायचं असावं. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यातली. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि मे महिन्यात आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर हंडे रांगेला लावून बाया टँकरची वाट बघतात.

तर रोज सकाळी सहाला मी पाणी शेंदतो आणि एकेका दिवशी दोन-तीन अशा पाळीने अकरा आंब्यांना घालतो. बादल्या मोजता मोजताच मला आविलाची तेरेझा कळली.

ही स्पेनमधली कार्मेल पंथाची संन्यासिनी. जन्म १५१५, मृत्यू १५८२. कॅथलिक चर्चने १९७० साली तिला धर्मपंडिताचा मान दिला, आणि तो मिळालेली ती पहिली स्त्री. आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेले. कॅथलिक संतांशी आमचं जाणंयेणं बेताचंच. तिचं आत्मचरित्र जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं म्हणून वाचलं. त्यात प्रार्थना कशी वाढते हे समजावताना तिने बाग घेतली आहे. मन म्हणजे तण माजलेली पडीक जमीन. तण उपटतो देव, रोपं लावतो तोही देवच. माणसाकडे काम उरतं पाणी घालायचं, आणि ते घालायच्या रीती चार. विहिरीतून शेंदायचं, यात कष्ट फार आणि पाणी थोडं. रहाटाने काढायचं, जरा सोपं. ओढ्याचं पाणी वळवून आणायचं, त्याने जमीन खोलवर भिजते. आणि चौथी रीत पावसाची, तिथे माळ्याने नुसतं उभं राहायचं.

आपल्याकडे ‘गव्हाला चार पाणी झाली’ म्हणतात, तो हिशेब वेगळा. तेरेझाची चार पाणी म्हणजे प्रार्थनेच्या चार अवस्था. नवशिक्या प्रार्थनेला बसतो, मन पळतं, तो ओढून आणतो, पुन्हा पळतं. दोर हाताला कापावा आणि बादली अर्धीच वर यावी, असं ते काम. ती स्वतः जवळजवळ वीस वर्षं अशा कोरड्यात होती. विहीर पार आटली तर? तर माळ्याने आपलं येणं सोडू नये, फुलं कशी जगवायची ते मालक बघेल, असं तिचं म्हणणं. पहिल्या वाचनात मला हे भाबडं वाटलं होतं.

मग कलमांचं प्रकरण झालं. पहिल्या वर्षी मी विहिरीवर मोटार बसवली. आमचा रहाट तोच, वीज असेल तेव्हा फिरणारा. आंब्याच्या कलमांना रोज पाणी सोडलं. हौसच होती. पाने टवटवीत, बघणारा खूश. पुढच्या उन्हाळ्यात मोटार जळाली आणि आठ दिवसांत दोन कलमांनी माना टाकल्या. शेजारच्या पाड्यावरची ठाकूर मावशी बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, “मास्तर, रोज बुडाशी पानी मिळत व्हतं, मंग मुळा खाली कशाला जातील?” मेलेलं कलम उपटलं तेव्हा दिसलं. सगळी मुळं वरच्या वीतभर मातीत एकमेकांत गुरफटून बसली होती, वळलेल्या मुठीसारखी. एकानेही खालच्या मुरमात बोट घातलं नव्हतं. तेव्हापासून तेरेझाची ती वीस वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत.

ख्रिस्ती धर्मात बाग आणि शेत हे नुसते अलंकार नाहीत. बायबलची सुरुवात एदेन बागेत, येशूला धरलं ते बागेत, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियेला तो दिसला तेव्हा तिने त्याला माळीच समजलं. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेही याच भाषेत: लावलं मी, पाणी घातलं अपुल्लोने, वाढवलं देवाने. मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. अरणचा सावता माळी पंढरपूरला न जाता मळ्यातच विठ्ठल बघत राहिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फादर स्टीफन्सने सतराव्या शतकात ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचलं, त्यात मराठी भाषेला फुलांमधल्या मोगरीची उपमा दिली.

आता पेरणाऱ्याचा दाखला. मत्तय, मार्क, लूक, तिघांनीही दिलाय. बी कुठे वाटेवर पडतं, कुठे खडकाळीवर, कुठे काटेरी झुडपांत, आणि थोडं चांगल्या जमिनीत. संडेस्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं ‘खडकाळ’ म्हणजे दगडगोट्यांची जमीन असं शिकवलं. चूक होती. माझ्या तुकड्याचा वरचा कोपरा काळा कातळ आहे, त्यावर चार बोटं माती. मृगाच्या सरी आल्या की सगळ्यांत आधी हिरवा होतो तो हाच कोपरा. पातळ थर लगेच भिजतो, लगेच ऊबही धरतो, आणि बी वर यायची घाई करतं. खाचरातलं भाताचं रोप बोटभर असतं तेव्हा इथलं गवत घोट्याला लागतं. कल्याणहून आलेले पाहुणे नेमके तिथेच उभे राहून फोटो काढतात. दसऱ्याला तिथे पिवळ्या काड्या. दाखल्यातला खडक असा खाली दडलेला आहे, वरून दिसतो तो हिरवागार उत्साह. असे भाविक मी बरेच पाहिलेत. तिशीत मी स्वतः त्यांतलाच एक होतो.

निदणाच्या दाखल्यावर मात्र माझं आणि मावशीचं पटत नाही. गव्हात शत्रूने तण पेरलं, तर मालक म्हणतो, उपटू नका, गहूही उपटला जाईल, कापणीला बघू. आमच्या भातात पाखड येतो, दिसायला थेट भातासारखा. मावशी पान खोडापासून जरा मागे वाकवते. भात असेल तर तिथे पांढरी, पातळ जिभेसारखी पापडी दिसते, पाखडाला ती नसते. बघितलं की लगेच उपटून बांधावर. “ठेवला त दाना तोच खाईल.” शेती म्हणून तिचंच खरं. येशू तिथे बेणणी शिकवत नव्हता. शेजारी बसलेला माणूस भात की पाखड, हे ठरवायचा अधिकार तो शिष्यांच्या हातून काढून घेत होता. माणसाला पापडी नसते. आमच्या मंडळीच्या सभांमध्ये हा दाखला महिन्यातून एकदा तरी वाचायला हवा असं माझं मत आहे.

डिसेंबरात मी मुरबाड तालुक्यात मेव्हण्याकडे जातो. सरळगावच्या बाजूला त्याचा मोगरा आहे. दिवाळीपासून त्याने पाणी तोडलेलं असतं. झाडं धुरकट, पाने गळायला आलेली. मग सिकेटर घेऊन तो बसतो आणि गुडघाभर झाड वीत-दीड वीत खुंटावर आणतो. वाळकी काडी तर जातेच, पण चांगली, हिरवी, गेल्या हंगामात फुललेली फांदीही जाते. बघवत नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, म्हणून हे. छाटणी झाली की शेणखत, पाणी, आणि उन्हाळ्यात पहाटे अंधारात बॅटरी डोक्याला बांधून कळ्या तोडायच्या, उमलायच्या आत कल्याणला पोचवायच्या.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि बापाला माळी. फळ न देणारा फाटा काढला जातो हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. फळ देणाराही छाटला जातो, हे सोयीस्करपणे विसरतो आपण. मूळ ग्रीकमध्ये तिथला ‘छाटणे’ आणि पुढच्याच ओळीतला ‘शुद्ध’ हे शब्द एकाच धातूचे आहेत. नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे शिकवावं लागत नाही, तो वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. हल्ली काही उपदेशकांनी या अध्यायाची योजनाच करून टाकलीय: श्रद्धा ठेवा, फळ घ्या, फळ म्हणजे बढती आणि फ्लॅट. त्यांनी एकदा डिसेंबरात मेव्हण्याच्या मोगऱ्यात उभं राहावं.

बायबलात भाताची लावणी नाही, याची मला रुखरुख आहे. तिकडच्या कोरड्या हवेत भात कुठला! पण आमच्याकडची सगळ्यांत मोठी उपमा तीच झाली असती. उन्हाळ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, म्हणजे तणाचं बी जळतं. त्या राखेत रोप उगवतं, छान दाट. आणि महिन्याच्या आत ते उपटायचं, मुळांची माती आपटून झटकायची, मूठ बांधायची आणि दुसऱ्या चिखलात खोचायचं. चार दिवस रोप पिवळं पडतं. मग फुटवे धरतं. राबातच राहिलेल्या रोपाला दाटीत तेवढे फुटवे येत नाहीत.

लावणी बघताना मला दरवेळी नारायण वामन टिळक आठवतात. मराठी शाळेतून गेलेला प्रत्येकजण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरदार, नातीगोती सुटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्या पिवळ्या दिवसांचं वर्णन लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि ते कुठेही रडकं नाही. धर्मांतराबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. मुळांची माती झटकली गेलेल्या या माणसाने भजनं लिहिली ती अभंगाच्या छंदात, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं तो उघड म्हणत राहिला. आमच्या नगरच्या चर्चमध्ये टाळ-पेटीवर आम्ही तीच गात मोठे झालो.

माझी प्रार्थना म्हणाल तर अजून बादलीवरच आहे. एखाद्या सकाळी रहाट फिरतो, ओढ्याचं पाणी मी ऐकून आहे. चौथ्या पाण्याबद्दल एवढंच सांगतो, की जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा मी बादली विहिरीच्या कठड्यावर उपडी ठेवतो आणि भिजेपर्यंत घरात जात नाही. बायको ओरडते.

लूकच्या तेराव्या अध्यायात एक अंजिराचं झाड आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो, मग बघा. पुढे फळ आलं की नाही, हे लूक सांगतच नाही. माझ्या अकरातलं बांधाकडचं कलम सहा वर्षांचं झालं, यंदाही मोहोर नाही. मावशी म्हणते तोडा, शेवगा लावा. मी एक वर्ष मागून घेतलंय. आळं परवाच रुंद केलं, दोन पाट्या शेणखत मेव्हण्याकडून येणार आहे.