एकच बोट, निरनिराळे शेरे

ज्या डॉक्टरांनी आमच्या थोरल्या वहिनींच्या बोटांची वर्षानुवर्षे निगा राखली, ते यंदा सेवानिवृत्त झाले. आणि ज्या तर्जनीविषयी त्यांचा अखेरचा शेरा ‘व्रण सक्रिय’ असा होता, तिच्याविषयी त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत केसपेपरवर ‘व्रण नाही’ असे लिहिले. मधल्या काळात त्या बोटात तिळमात्र फरक पडला नव्हता. तो शेरा मनाला लागला, आणि त्यानेच हा मागोवा घेण्यास प्रवृत्त केले.

वहिनींचा विकार स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि अनेकदा अंतरिंद्रियेही कठीण करीत नेणारा. त्यात आढळणाऱ्या, थंडीने बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होण्याच्या लक्षणाचे वर्णन फ्रान्समधील मॉरिस रेनो यांनी 1862 साली केले. स्क्लेरोडर्माच्या निदानाचे निकष 1980 साली ठरले आणि 2013 साली सुधारले. या दीर्घ कालखंडात विद्वानांनी पुष्कळ वर्गीकरण केले. पण बोटाच्या टोकावरची ती जागा व्रण आहे की नाही, हे दोन वैद्यांनी एकाच रीतीने कसे ठरवावे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. ते गेले 2009 पासूनच्या दशकात, आणि तेच दशक आम्ही घरात सोसले.

वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या आमच्या दातिवऱ्यात मासळीवर पोट असलेल्या स्त्रीचे हात पहाटेपासून बर्फात असतात, आणि शिंगाळ्याचा काटा बोटात जाणे ही नित्याची बाब. त्यामुळे वहिनींच्या तर्जनीवर कडा टणक, मध्ये पिवळसर खपली आणि रात्री झोप उडविणारी कळ असलेली दोन-तीन मिलिमीटरांची जागा प्रथम उमटली, तेव्हा एकाने ती काट्याची जखम मानून प्रतिजैविके दिली, दुसऱ्याने कुरूप म्हणून मलम लिहिले, तिसऱ्याने त्वचेखाली साठलेला चुना फुटला असे सांगितले, आणि बोटांचा रक्तपुरवठा आटल्याने हा व्रण झाला आहे हे ओळखून निफेडिपिन हे औषध सुरू करणारे चौथे. सफाळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत गर्दीचा धक्का लागू नये म्हणून त्या हात पदराखाली धरून बसत. 2013 साली डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, 2014 साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, वाट थोडी सुसह्य झाली. पण प्रत्येक दारी नवी कैफियत सांगणे चुकले नाही. शहरातील एका मोठ्या इस्पितळात तर मागील कागद न उलगडताच नवा शेरा लिहिला गेला आणि चालू औषध बंद झाले. त्या हिवाळ्यात ते बोट चिघळले, त्याचा राग आजही शमलेला नाही.

हा आमच्याच नशिबाचा भोग नव्हता. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 देशांतील सुमारे 50 संधिवाततज्ज्ञांना बोटांची 35 छायाचित्रे दाखवून व्रण नाही, निष्क्रिय आहे की सक्रिय आहे, असे विचारण्यात आले. पूर्ण एकमतास 1 मानले, तर तीच छायाचित्रे पुन्हा पाहताना तज्ज्ञाचे स्वतःशी एकमत 0.81 भरले, परस्परांशी मात्र अवघे 0.46. प्रत्येक मोजणीदाराने आपापल्या साखळीने शेत मोजावे, स्वतःशी तो प्रामाणिक असावा, आणि तरीही बांधावर तंटा उभा राहावा, तसे हे झाले. पुढे छायाचित्रासोबत रोग्याची हकिगत पुरवूनही मतभेद मिटले नाहीत.

या मतभेदाचे परिणाम औषधापर्यंत पोहोचतात. बोसेन्टान हे औषध नवे व्रण कमी करते, जुने लवकर भरून आणत नाही, असा निष्कर्ष ज्या चाचण्यांतून निघाला, त्यांचा सारा आधार व्रणांच्या गणतीवर होता. गणती करणाऱ्यांची दृष्टीच भिन्न असेल, तर उपयुक्त औषधही निरुपयोगी ठरू शकते. 2017 साली जागतिक स्क्लेरोडर्मा प्रतिष्ठानाच्या विद्यमाने व्याख्या ठरली: बाह्यत्वचेचे आवरण गेलेले असावे, तिच्या तळाचा पडदा भेदलेला असावा, आणि तळाशी रक्तवाहिन्या, तंतुमय लेप किंवा नवे मांस दिसावे, अथवा खपली काढल्यास दिसेल असे असावे. या अखेरच्या शब्दांतच सारी अडचण आहे, कारण खपलीखाली काय आहे हे पाहणाऱ्याला अनुमानानेच ठरवावे लागते.

निवृत्त झालेल्या आमच्या डॉक्टरांनी हे अनुमान केवळ नजरेवर सोडले नव्हते. कोणते बोट, कोणती बाजू, किती मिलिमीटर, तळ दिसतो की नाही, वेदना किती, हे ते दर खेपेस लिहीत, फूटपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घेत, आणि जुन्या नोंदीशी रुजवात घातल्यावाचून नवा शेरा लिहीत नसत. यास महागडे यंत्र लागत नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. एवढी तजवीज प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात दंडक म्हणून का होऊ नये? ती होत नाही तोवर डॉक्टरांच्या प्रत्येक बदलीबरोबर रोग्याचा रोगही कागदावर बदलत राहील, आणि त्या बदलाची किंमत बोटाने चुकवावी लागेल.