स्टिकर का बोलेना? आरएफआयडी मॉड्यूल विकत घेण्यापूर्वी

आर्डुइनोशी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये काडेपेटीहून जरा मोठा एक निळा बोर्ड सापडतोच: आरसी522. माझ्याकडे तो आला आमच्या रविवारच्या मराठी शाळेमुळे. कपाटातलं कुठलं पुस्तक कोणी नेलं याची वही हरवली आणि मी उत्साहानं म्हणालो, "आरएफआयडी लावू!" ग्रंथालयात वापरतात ते स्टिकर मागवले, हा बोर्डही मागवला. दोन्हींवर 13.56 मेगाहर्ट्झ असं छापलेलं. बोर्डासोबत आलेलं पांढरं कार्ड झटकन वाचलं गेलं. स्टिकर मात्र ढिम्म. दोन शनिवार मी सोल्डरिंग तपासत बसलो. दोष सोल्डरिंगचा नव्हताच.

अशा टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या अँटेनाभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं, त्यातून टॅगच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. मग चिप आपला भार कमीजास्त करते. तो फरक रीडरला जाणवतो, तेच तिचं उत्तर. पण या बोलण्याचे नियम एकच नाहीत. 13.56 वर आयएसओ 14443 आणि आयएसओ 15693 या दोन बोली चालतात. एकाच फोन लाइनवर एकानं मराठीत आणि दुसऱ्यानं तमिळमध्ये बोलावं, तसं. ऑफिसची बरीच कार्डं पहिलीतली. पुस्तकांचे स्टिकर बहुधा दुसरीतले, कारण ती थोड्या जास्त अंतरावरून चालते. आरसी522 ला पहिलीच येते, तीही फक्त 'ए' प्रकारची. त्याहून महाग पीएन532 ला 'बी' प्रकार आणि फेलिका येतं, पण 15693 नाही. त्यासाठी पीएन5180 घ्यावा लागतो.

म्हणून आधी टॅग ओळखा, मॉड्यूल नंतर. यासाठी खर्च नाही: अँड्रॉइड फोनवर एनएक्सपीचं टॅगइन्फो ॲप घाला आणि टॅग फोनच्या पाठीला लावा. बोली कुठली ते तिथेच दिसतं. फोन गप्प राहिला तर टॅग बहुधा 125 किलोहर्ट्झचा किंवा यूएचएफ असतो. 125 वाल्यांसाठी आरडीएम6300 स्वस्तात मिळतो, पण तो फक्त वाचतो. आणि ईएम4100 चिपवर काही लिहिता येत नाही, रीडर कितीही चांगला आणा. लिहायचं असेल तर टी5577 चिपचे टॅग आणि लिहू शकणारं यंत्र, दोन्ही हवं.

यूएचएफची गोष्ट वेगळी. काही मीटरवरून, एकाच वेळी अनेक टॅग वाचता येतात. स्पार्कफनचा एम6ई नॅनोवाला बोर्ड या कामाचा. मात्र गावच्या वाचनालयासाठी असा रीडर बॅगेत टाकून नेणार असाल तर थांबा. अमेरिकेत यासाठी 902 ते 928 मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. भारतात 865 पासून 868 पर्यंतचा, फास्टॅग त्यातच चालतो. टॅग बहुतेक दोन्हीकडे चालतात, रीडरचं तसं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये भारताचा पट्टा निवडता येतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहा. इथल्या सेटिंगवर तिथे रीडर चालवणं बेकायदा.

आरसी522 ला 3.3 व्होल्टच द्या. आर्डुइनो ऊनोच्या 5 व्होल्टच्या पिनला जोडू नका. आणि त्यासोबत येणाऱ्या मायफेअर क्लासिक कार्डावर घराचं दार सोपवू नका. त्याचं गुप्तलेखन 2007-08 मध्येच कार्स्टन नोल, हेन्रिक प्लॉट्झ आणि नेदरलंड्समधल्या संशोधकांनी उघडं पाडलं. शाळेच्या पुस्तकांना चालेल, दाराला डेसफायर घ्या.

आमच्याकडे शेवटी पीएन5180 आला आणि स्टिकर बोलू लागले. पण कपाट लोखंडी. दारावर चिकटवलेला अँटेना पुन्हा मुका झाला, कारण धातूजवळ क्षेत्र दबतं. आता तो शेजारच्या लाकडी टेबलावर असतो, आणि मुलं पुस्तक त्यावर ठेवून नाव दिसेपर्यंत थांबतात.