पोटाचं दुखणं एकट्या डॉक्टरचं नाही

गुडघा दुखतो हे बाई चारचौघींत सांगते. पण शौचातून रक्त जातं, दिवसातून आठ वेळा पळावं लागतं, हे ती नवऱ्यालाही सांगत नाही. ‘मूळव्याध असेल’ म्हणून चूर्ण चालू राहतं. आमच्या बचत गटातल्या एकीची अशी तीन वर्षं गेली. कापूस वेचायला जायचं, शेतात आडोसा नाही, म्हणून ती सकाळपासून उपाशीच राहायची. शेवटी आतडं दुर्बिणीनं तपासलं तेव्हा कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस! म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा.

हा आजार मधुमेहासारखा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, आणि तिथे एकटा डॉक्टर पुरत नाही. आता हेच बघा, आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन हे दोन आजार इतके सारखे दिसतात, की पोटविकारतज्ज्ञ आणि आतड्याचा तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. क्रोन समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला क्षय, तर तो भडकतो. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, पण निदान तर बरोबर हवं! वेळ पडली तर सर्जन लागतो. धास्तावलेल्या मनासाठी समुपदेशक लागतो. आणि आहारतज्ज्ञ तर हवाच. आपल्याकडे पोट बिघडलं की दूध बंद, डाळ बंद, भाजी बंद, आणि बाई नुसत्या पेजेवर! रक्त आधीच कमी, त्यात हे.

मोठ्या शहरांत काही ठिकाणी ही मंडळी एकत्र बसून रुग्ण पाहतात. आपल्याला यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज, सेवाग्राम, सावंगी, नागपूर असं फिरावं लागतं, आणि एकीकडचा कागद दुसरीकडे पोचत नाही. म्हणून मैत्रिणींनो, एकच फाईल करा. दुर्बिणीचा रिपोर्ट, तुकड्याचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, दर महिन्याचं वजन, सगळं तारखेनुसार लावा. स्टेरॉइड कधी सुरू झालं तेही लिहा. ते स्वतःच्या मनानं लांबवू नये, आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडूही नये.

लेकी-सुनांसाठी आणखी एक. आजार शांत असताना दिवस राहिले तर बाळंतपण बहुधा नीट पार पडतं. घाबरून औषध बंद केलं तर आजार उसळतो. मात्र मेथोट्रेक्सेटसारखं औषध गर्भाला घातक, ते काही महिने आधीच बदलावं लागतं. तेव्हा बाळाचा विचार मनात आला की पोटाच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना, दोघांनाही ती फाईल दाखवायची.