भिंतीतले गाठोडे आणि घरातले दुखणे

दिवाळी सरली की आपल्या कोल्हापूर भागात जुनी घरे उतरवायची कामे निघतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला, तेव्हा करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांत नदीकाठच्या कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. ज्या तगल्या त्यांनाही ओल धरली. आता कुणाला घरकुल मंजूर होते, कुठे भावाभावांत वाटणी होऊन स्लॅब टाकायचे ठरते, आणि आजोबांच्या काळचे घर खाली येते.

उंबरा उकरताना, चुलीमागची भिंत पाडताना, माळा मोकळा करताना काहीबाही हाती लागते. तांबड्या फडक्यातले गाठोडे, टाचण्या टोचलेली काळी बाहुली, वाळून काळे पडलेले लिंबू, बिब्बे, कवड्या, घोड्याची नाल, तोंड बांधलेले मडके. कधी हाडाचा तुकडा, कधी केसांचा गुंता. गवंडी काम थांबवतो. बायका तोंडाला पदर लावतात. आणि कुणीतरी म्हणते, "तरीच!"

हा 'तरीच' आमच्या चांगला ओळखीचा आहे. तरीच सुनेला दिवस जात नाहीत. तरीच थोरल्याची दारू सुटत नाही. तरीच आईचा ताप हटत नाही. वर्षानुवर्षांच्या सगळ्या दुखण्यांना एका क्षणात कारण मिळते. मग दुसरा प्रश्न येतो, "पुरले कुणी?" आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या बाईकडेच वळते. चुलतसासू, शेजारची विधवा, गल्लीत एकटी राहणारी म्हातारी.

आम्ही आधी वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करतो. करणीने माणूस मेलेला आम्ही आजवर पाहिला नाही. करणी समजून दवाखाना लांबवला आणि त्यात माणूस गेला, हे मात्र पाहिले. म्हणून या वेळी दोन गोष्टी नीट समजून घेऊ. सापडलेली वस्तू खरोखर काय असते, आणि घरातले दुखणे खरोखर काय असू शकते.

ते ठेवले कुणी?

आधी मडके घ्या. पूर्वी बाळंतपणे घरीच होत. मूल झाल्यावर वार पडते, ती उघड्यावर टाकली तर कुत्री ओढतात. म्हणून सुईण ती मडक्यात घालून मोरीजवळ, परड्यात किंवा घरातच खोल पुरत असे. वर हळदकुंकू, कधी एखादे नाणे. म्हणजे ज्या मडक्याला पाहून आपण घाबरतो, ती आपल्याच घरातल्या कुणाच्या तरी जन्माची खूण असू शकते.

दुसरे, पायातल्या वस्तू. घर बांधताना नाणे, धातूचा तुकडा, धान्य, वास्तूची प्रतिमा पायात किंवा घराच्या कोपऱ्यात पुरण्याची रीत अनेक घरांत होती आणि आजही आहे. तिसरे, बाहुली, बिब्बा आणि नाल. या वस्तू घराला नजर लागू नये म्हणून घरातल्याच माणसांनी लावलेल्या असतात. आज नव्या बांधकामावर काळी बाहुली आणि ट्रकला लिंबू-मिरची टांगतात, तसेच ते. आजीने घर राखायला म्हणून जे ठेवले, तेच नातवाला वैऱ्याने केलेली करणी वाटते. मधली पिढी गेली, सांगणारे कुणी उरले नाही, एवढेच घडलेले असते.

राहिला देवरुषी. तो स्वतःच "इथे खणा" म्हणतो आणि बरोबर तिथेच गाठोडे निघते, तेव्हा त्याला अंतर्ज्ञान नसते. गाठोडे त्याच्या पिशवीतून, बाहीतून किंवा आदल्या रात्री आलेल्या त्याच्या माणसाकडून तिथे पोचलेले असते. आणि समजा, एखाद्या जळकुट्या माणसाने खरोखरच वाईट हेतूने बाहुली पुरली असेल, तरी कापडाची ती चिंधी आहे. चिंधीने ताप येत नाही आणि गर्भ पडत नाही.

हे खूळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. इंग्लंडात जुन्या घरांच्या भिंतींत, चुलीच्या धुराड्यांत लपवलेले जुने बूट सापडतात. नॉर्थम्प्टनच्या वस्तुसंग्रहालयात अशा हजारावर बुटांची नोंद आहे. लंडनजवळ ग्रिनिच येथे २००४ साली सतराव्या शतकातली एक बाटली जमिनीत सापडली. तिची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा आत खिळे, टाचण्या, केस, नखांचे तुकडे आणि माणसाची लघवी निघाली. चेटकिणीमुळे दुखणे आले असे समजून ते उलटवायला लोक अशा बाटल्या पुरत. त्याच देशाने १७३५ साली कायदा करून चेटकीण म्हणून माणसांवर खटले भरणे बंद केले आणि उलट जादूची शक्ती असल्याची बतावणी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवले.

भिंतीतले खरे धोके

त्या वस्तूंत शक्ती नसते, पण धोका असू शकतो, आणि तो ओळखता येतो.

बिब्ब्याचे उदाहरण घ्या. बिब्बा हातात धरला, फुटला, की एक-दोन दिवसांत हातावर, तोंडावर पुरळ उठते, फोड येतात, डोळे सुजतात. लोक म्हणतात, "करणीला हात लावला, बघा काय झाले." खरे कारण बिब्ब्याच्या तेलात आहे. बिब्बा हा काजू-आंब्याच्या कुळातला. त्याचे काळे तेल कातडी भाजते आणि ॲलर्जी उठवते. याच तेलाने परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत. हात लागला तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, डोळे चोळू नका, फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरा शेंदूर. जुना शेंदूर म्हणजे बहुधा शिशाचे भस्म. शिसे पोटात गेले की मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, पोटात कळा येतात, रक्त कमी होते. शेंदूर फासलेले दगड, पत्रे मुलांना खेळायला देऊ नका.

तिसरा गंजका खिळा आणि सुई. टोचली तर जखम धुवून त्याच दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. चौथी उंदरांची बिळे. पुराच्या चिखलात आणि ओल्या मातीत उंदरांच्या मुताने लेप्टो पसरतो. पडकाम केल्यावर थोड्या दिवसांत जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर "घराने झपाटले" म्हणू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पडकामाचे आवर्जून सांगा. कामावर गमबूट आणि हातमोजे वापरा.

पाचवा धोका सगळ्यांत मोठा, मण्यार. जुन्या भिंतींच्या भेगांत ती राहते, रात्री बाहेर पडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. तिचे दात बारीक. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळा घेऊन. मग पापण्या जड होतात, बोबडी वळते, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडकतो. आदल्या दिवशी भिंतीत गाठोडे सापडलेले असले तर घरचे काय म्हणतील, हे सांगायला नको. पण सापाच्या विषावरचे औषध लवकर मिळाले आणि गरज पडली तर श्वासाचे यंत्र लावले, तर असा माणूस वाचतो. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या उघडेनात, तर साप दिसला नसला तरी १०८ ला फोन करा. चावलेला भाग कापू नका, करकचून बांधू नका. आधी अंगारा आणि मग दवाखाना, असे करू नका.

दुखण्याला नाव मिळाले की चेटकीण जाते

पूर्वी घरोघरी एक दुखणे होते. मूल चांगले जन्मायचे, दूध प्यायचे, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्याचा जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखे ताठ व्हायचे आणि ते जायचे. लोक सटवाईला दोष देत, नाहीतर कुणाच्या नजरेला. एकीची दोन-तीन मुले अशी गेली की तीच अवदसा ठरे. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. विळ्याने कापलेली नाळ आणि तिच्यावर लावलेली राख, शेण यांतून तो शिरत होता. गरोदर बाईला इंजेक्शन, निर्जंतुक ब्लेड, स्वच्छ हात आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांनी तो गेला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. कुणाचे लिंबू कामाला आले नाही. आपल्या आशाताई, नर्सताई आणि सुईणींना शिकवणारी माणसे कामाला आली.

आजच्या 'तरीच'चेही तसेच आहे. मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनी तपासणी करावी, कारण दोष नवऱ्यात असण्याची शक्यताही जवळजवळ तितकीच असते. संध्याकाळचा ताप, घटते वजन, दोन आठवड्यांवर खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. झटके येत असतील तर ती बहुधा फेफरे, त्याला गोळ्या आहेत. बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेना, बाळाकडे बघेना, तर तिला बांधून ठेवू नका आणि मिरचीची धुरी देऊ नका. बाळंतपणानंतर होणारा तो मनाचा आजार आहे. त्याला त्याच दिवशी उपचार लागतात आणि ती बरी होते.

काही घरांत अन्नात घाण पडते, कपडे आपोआप फाटतात, दगड येतात. त्याला भानामती म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी घरे पाहिली आणि बहुतेक ठिकाणी घरातलेच कोंडलेले, दुखावलेले माणूस ते करीत असल्याचे त्यांना आढळले. त्याला मार देऊन ते थांबत नाही, त्याच्याशी बोलावे लागते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

पायात कोण पुरले जात होते

आपल्या समाजाला या विषयाची आणखी एक आठवण आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरले जात होते, असे त्या मुलीने त्यात लिहिले. इमारत टिकावी म्हणून दुसऱ्याचे माणूस पायात घालायचे, ही जादूटोण्याची खरी तऱ्हा. पुरणारा बळीचा आणि पुरला जाणारा दुबळ्याचा. आजही करणी करणारी म्हणून जिच्याकडे बोट जाते ती बाई पाटलाच्या वाड्यातली नसते. ती जमिनीचा तुकडा नावावर असलेली विधवा असते, नाहीतर ज्यांच्याशी भांडायला कुणी घाबरत नाही अशा घरातली असते. म्हणून आपल्या वस्तीत कुणी दुसऱ्या बाईवर असे बोट उचलले, तर ते खाली घ्यायला लावणे हे आपलेच काम आहे.

कायदा आपल्या हातात आहे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि वर्ष सरायच्या आत जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. हा कायदा फुकट मिळालेला नाही, म्हणून तो वापरा.

घरात बाहुली टांगली किंवा पूजा केली म्हणून हा कायदा कुणाला धरत नाही. पण एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा संशय पसरवणे, भूत उतरवायला मारणे, दोराने-साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे, साप, कुत्रा किंवा विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

गाठोडे सापडले तर

हातमोजे घाला आणि चिमट्याने किंवा फावड्याने बाजूला घ्या. मुलांना लांब ठेवा. घरातल्या, भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, निम्मी कोडी तिथेच सुटतात. जुने नाणे किंवा मूर्ती निघाली तर तहसील कार्यालयाला कळवा. माणसाचे हाड वाटले तर हलवू नका, पोलिसांना सांगा. बाकीचे कचऱ्यात टाका आणि हात धुवा. उतारा नाही, नारळ नाही, देवरुषाची दक्षिणा नाही. ते पैसे गाठीला ठेवा. त्यातून आईच्या रक्ताची तपासणी करा, छातीचा फोटो काढा, सुनेला आणि मुलालाही घेऊन दवाखान्यात जा.

आणि गवंडी काम थांबवून उभा असेल तर त्याला चहा द्या आणि सांगा, भिंत पाड. नव्या घराला खिडक्या मोठ्या ठेव, ऊन आत येऊ दे, झोपायला खाट आणि मच्छरदाणी लावायला जागा ठेव, आणि भेगा सिमेंटने बुजव. घराची राखण यानेच होते.

जय भीम.