साठवणुकीचे थर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकावर साठवलेली सगळी माहिती सारखीच लागत नाही. पिंपळनेरच्या एखाद्या गटाचा चालू सातबारा पीककर्जासाठी, पीकविम्यासाठी वरचेवर काढला जातो; त्याच गटाचा साठ वर्षांपूर्वीचा फेरफार मात्र वाटणीचा वाद निघाला तरच. दोन्हींना सारखीच महाग जागा देणे परवडत नाही. म्हणून रोजची माहिती वेगवान एसएसडीवर, कमी लागणारी हार्ड डिस्कवर आणि क्वचित लागणारी चुंबकीय टेपवर ठेवतात. वापर पाहून ती आपोआप वरखाली हलवणे म्हणजे टिअरिंग.

जुनी माहिती ती खालच्या थरातली, असे अनेकांना वाटते. केवळ वयावर चालणारे नियमही असतात, पण खरे टिअरिंग वापर मोजते. ॲमेझॉनच्या ‘एस३ इंटेलिजंट-टिअरिंग’मध्ये ३० दिवस न उघडलेली फाईल स्वस्त थरात जाते, ९० दिवसांनंतर आणखी स्वस्त थरात, उघडली की पुन्हा वर येते. तिचे महत्त्व मात्र यंत्रणेला कळत नाही. महसूल दप्तरात अ वर्गाचे कागद कायम, तर ब वर्गाचे ३० वर्षे जपायचे हे माणसांनी ठरवलेले आहे. ते टिअरिंगवर सोडता येत नाही.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे खालच्या थरात गेलेली फाईल हा बॅकअप आहे. टिअरिंगमध्ये फाईल हलते, तिची वेगळी सुटी प्रत तयार होत नाही. चुकून पुसली तर ती दुसऱ्या थरात सापडणार नाही. बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो, आणि यात कसूर परवडणारी नाही.

स्वस्त थर नेहमी संथ असतो, हेही खरे नाही. ९० दिवसांनंतरच्या त्या थरातली फाईल क्षणार्धात उघडते. ॲमेझॉनच्याच ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ या थरातली मात्र मिळायला साधारण १२ तास लागू शकतात, उद्या सकाळी न्यायालयात दाखवायचा फेरफार तिथे असेल तर आजच मागवायला हवा.

स्वस्ताईलाही अटी आहेत. डीप आर्काइव्हमध्ये फाईल आधी काढली तरी किमान १८० दिवसांचे भाडे लागते, आणि परत मागवण्याचा आकार वेगळा. इंटेलिजंट-टिअरिंगमध्ये १२८ केबीहून लहान फायली खाली सरकतच नाहीत. एकपानी उताऱ्यांच्या लाखो फायली असतील तर पूर्वी दप्तर रुमालात बांधत तशा त्या एकत्र बांधाव्या लागतात. मग एक उतारा हवा असला तरी बहुधा सगळी गाठोडी सोडावी लागते.