किलाउएआची जमीन फुगते तेव्हा

हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवरील जमिनीच्या कलाचा आलेख एकदा बघाच! डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हाची कारंजी थांबून थांबून उडत राहिली. दोन कारंज्यांच्या मधल्या काळात आलेखाची रेषा हळूहळू चढते, कारण शिखराखाली मॅग्मा साठतो आणि जमीन फुगते. कारंजं सुरू झालं की तीच रेषा धाडकन खाली येते. थांबलं की पुन्हा चढण. जमिनीखालची भरती-ओहोटी अशी डोळ्यांसमोर दिसते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे टिपणारा टिल्टमीटर कमालीचा तल्लख असतो. एक किलोमीटर लांब सरळ दांडीचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं, तर होणारा कल म्हणजे एक मायक्रोरेडियन. तोही त्याला कळतो! जोडीला जीपीएस आणि उपग्रहांचं रडार असतंच.

२०१८ मध्ये मात्र शिखराखालचा मॅग्मा पूर्वेकडे सरकला आणि सुमारे ४० किलोमीटरवर लेलानी इस्टेट्स या वस्तीत जमीन फाडून वर आला. ७०० हून अधिक बांधकामं गेली. इकडे शिखरावरचं हालेमाउमाउ विवर सुमारे ५०० मीटर खोल खचलं.